भविष्यवेधी मॉड्युलर अक्षरं देवनागरीत: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतले बोर्डवाले, शिरोली एमआयडीसीतले कारखानदार, पेठेतल्या मंडळांचे कार्यकर्ते, कला महाविद्यालयातली मुलं, सगळे एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत मागतात. कुणी म्हणतं "रोबोटसारखं अक्षर द्या", कुणी म्हणतं "अवकाशयानावर असतं तसलं". त्यांना हवा असतो मॉड्युलर डिस्प्ले टाइप, आणि तोही मराठीत. हे काम मला मनापासून आवडतं. म्हणून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे जरा सविस्तर लिहिली आहेत.

मॉड्युलर अक्षर म्हणजे नेमकं काय?

मोजक्या, ठरावीक तुकड्यांतून जुळवलेलं अक्षर. एक चौकोन, एक पाव वर्तुळ, फार तर एक तिरका तुकडा, एवढंच सामान घ्यायचं आणि त्यातूनच सगळी अक्षरं उभी करायची. जोसेफ आल्बर्स यांनी जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत १९२६ पासून पुढची काही वर्षं यावर काम केलं. चौकोन, पाव वर्तुळ आणि पूर्ण वर्तुळ या तीनच आकारांतून त्यांनी अख्खी वर्णमाला जुळवून दाखवली होती.

‘डिस्प्ले’ याचा अर्थ मोठ्या आकारात, थोड्या शब्दांसाठी. पाटी, शीर्षक, बोधचिन्ह, पोस्टर. परिच्छेद वाचण्यासाठी हे अक्षर कधीच नसतं.

ते भविष्यातलं का वाटतं?

कारण त्याचा जन्म यंत्राच्या मर्यादेतून झाला. विम क्रौवेल या डच डिझायनरने १९६७ मध्ये ‘न्यू अल्फाबेट’ मांडली. त्या काळच्या अक्षरजुळणीच्या इलेक्ट्रॉनिक पडद्यांवर गोल रेघ खडबडीत उमटायची. म्हणून त्यांनी गोलाई टाकूनच दिली. फक्त आडव्या-उभ्या रेघा ठेवल्या आणि कोपरे तिरके कापले. पुढे ऐंशीच्या दशकात अक्षरकार झुझाना लिच्को यांनी मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावरच्या जाडसर ठिपक्यांनाच अक्षराचा कच्चा माल मानलं.

दुसरी धार इटलीतून आली. आल्दो नोव्हारेसे यांचा १९६२ चा ‘युरोस्टाइल’ बघा. गोलसर कोपऱ्यांचा चौकोन, जुन्या टीव्हीच्या काचेसारखा. अंतराळ, संगणक, प्रयोगशाळा दाखवायची म्हटली की चित्रपटवाले वर्षानुवर्षं याच अक्षराकडे वळत आले, आणि आपल्या डोळ्यांना त्याची सवय झाली. नासाचं १९७५ चं लाल, अळीसारखं वळणारं बोधचिन्हही याच वळणाचं. म्हणजे आज जे ‘उद्याचं’ वाटतं ते पन्नास-साठ वर्षं जुनं आहे. मराठीत मात्र ते अजून ताजं आहे, आणि संधी तिथेच आहे.

मग मराठीत असं अक्षर इतकं कमी का दिसतं?

इंग्रजीत फक्त कॅपिटल अक्षरं घेतली की काम सोपं होतं. सगळी अक्षरं वरच्या आणि खालच्या अशा दोन रेघांच्या मध्ये मावतात. एकच मजला. देवनागरीला तीन मजले लागतात: शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षराचं धड, खाली उकार. शिवाय जोडाक्षरं आहेत, आणि ती टाळून मराठी वाक्य होत नाही. लॅटिन, म्हणजे इंग्रजीच्या लिपीतला, मॉड्युलर टाइप तीस-चाळीस आकारांत पुरा होऊ शकतो. देवनागरीत काही शे आकार काढावे लागतात आणि ते एकमेकांवर, एकमेकांखाली नीट बसवावे लागतात.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. भविष्यवेधी लॅटिन अक्षराची सगळी जादू काहीतरी वगळण्यात असते. नासाच्या त्या बोधचिन्हात दोन्ही ए अक्षरांची आडवी रेघ काढून टाकली होती, तरी वाचताना कुणी अडखळलं नाही. देवनागरीत रेघ काढली की दुसरंच अक्षर उभं राहतं. ‘ष’ची तिरकी रेघ काढा, ‘प’ होतो. ‘ब’ची काढा, ‘व’ होतो. ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक डाव्या कोपऱ्यातल्या एवढ्याशा वळणाचा आणि शिरोरेघेतल्या फटीचा. ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांचंही तसंच. ग्रीडवर, म्हणजे चौकटींच्या जाळीवर, अक्षर काढताना पहिल्यांदा हेच बारकावे बळी जातात. मग ‘धनलक्ष्मी’चं ‘घनलक्ष्मी’ होतं आणि मालक पाटी उतरवायला सांगतो.

म्हणून माझा आग्रह एकच असतो. मॉड्यूलचा नियम मोडावा लागला तर मोडा, पण अक्षर ओळखू आलंच पाहिजे. ‘ध’च्या डोक्यावरचं वळण ग्रीडमध्ये बसत नसेल, तर त्या एका अक्षरापुरता नवा तुकडा घडवा. बघणाऱ्याला तुमची ग्रीड दिसत नाही, त्याला दुकानाचं नाव दिसतं.

एखादा शब्द प्रत्यक्षात कसा जुळवायचा? उदाहरण द्या.

आपल्या गावाचंच नाव घेऊ. ‘कोल्हापूर’ या शब्दात मात्रा आहे, जोडाक्षर आहे, दीर्घ ऊकार आहे आणि ‘ह’ आहे. ज्याला हा शब्द जमला त्याला निम्मं काम जमलं.

चौकटींचा कागद घ्या. एक चौकट म्हणजे एक खण, आणि रेघेची जाडीही एक खण. धडाची उंची किती ठेवायची ते ‘ह’ ठरवतो. शिरोरेघेपासून खाली येणारा छोटा देठ एक खण, मग पहिली आडवी रेघ, पोकळी, दुसरी आडवी रेघ, पोकळी आणि शेवटचा आकडा. झाले सहा खण. याहून कमी उंचीत ‘ह’ चेपतो आणि लांबून ‘ड’ किंवा ‘इ’ वाटायला लागतो. वरच्या मजल्याला तीन खण लागतात, कारण ‘कौ’सारख्या दोन मात्रा बसवायच्या तर रेघ, पोकळी, रेघ एवढी जागा हवीच. खालीही तीन, कारण ऊकाराला तेवढंच लागतं. शिरोरेघेचा एक धरला की एकूण तेरा.

आता ‘क’. डावीकडे एक खण रेघ, दोन खण पोकळी, मग दांडी, पुन्हा दोन खण मोकळे आणि शेवटचा खण खाली वळणाऱ्या रेघेचा. सात खण रुंद. पोकळी एकाच खणाची ठेवली तर अक्षर दाट होतं आणि फ्लेक्सवर शाई भरल्यासारखं दिसतं. मात्रा तिरकी काढायचा मोह आवरा. आडवी रेघ आणि पाव वर्तुळाने ती कान्यावर उतरवली की बाकीच्या अक्षरांशी जुळते.

अर्धा ‘ल’ काढताना मराठी वळणाचा ‘ल’ घ्या, दोन गोलाईंचा. दांडी काढली की तो ‘ह’ला आपोआप चिकटतो. ‘पू’मध्ये दीर्घ ऊकार दांडीच्या पायाला जोडा आणि ऱ्हस्वाच्या विरुद्ध दिशेला त्याचं तोंड ठेवा. लहान आकारात वाचणारा तोंड कुठे आहे एवढंच बघतो. राहिला ‘र’. याच्या पायाला तिरकी रेघ लागतेच. पंचेचाळीस अंशांचा एक तुकडा सामानात ठेवलेला असतो तो याच्यासाठी. काही जण ‘र’चा पायही काटकोनात वळवतात. तो वाचता येतो, पण शेजारी ‘व’ आला की दोघांचा मिळून ‘ख’ होतो.

सगळ्या रेघा सारख्याच जाडीच्या ठेवायच्या ना?

कागदावर हो, डोळ्याला नाही. सारख्याच जाडीची आडवी आणि उभी रेघ शेजारी ठेवली तर आडवी जाड वाटते. देवनागरीत तर शिरोरेघ शब्दभर पसरलेली असते, त्यामुळे शब्दाचं डोकं जड होतं. ती थोडी बारीक करा. गोल तुकडा चौकोनी तुकड्याइतक्याच उंचीचा ठेवला तर लहान दिसतो, त्याला किंचित वर-खाली जाऊ द्या. जिथे तीन रेघा भेटतात तिथे काळोख साचतो, तिथून थोडा माल काढा. हे सगळं नजरेने करायचं काम आहे.

शिरोरेघ काढून टाकली तर आणखी मॉडर्न दिसेल का?

दिसेल, आणि बोधचिन्हात ते चालतंही. दोन-तीन अक्षरांचं नाव असेल तर बेधडक करून बघा. पण शिरोरेघ गेली की ‘भ’ला ‘म’पासून वेगळं ठेवणारी फट जाते, मग डोक्यावरचं वळण ठसठशीत करावं लागतं. शब्द मोठा असेल तर अक्षरं सुटी सुटी होतात आणि एक शब्द कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला ते कळत नाही. मला स्वतःला तुटक शिरोरेघ जास्त आवडते. प्रत्येक अक्षरावर ती आहे, पण मध्ये अर्ध्या खणाची फट. त्याने शब्दही एकसंध राहतो आणि तुकड्यांतून जुळवल्याची जाणीवही होते.

तयार फॉन्ट कोणते वापरता येतील? मोफत आहेत का?

काटेकोर मॉड्युलर नसले तरी त्या कुळातले काही चांगले फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘राजधानी’ सगळ्यात जवळचा. चौकोनी धड, गोलसर कोपरे, तांत्रिक चेहरा, आणि सोबत लॅटिनही. ‘तेको’ त्याहून उभट आणि ठाम, खेळाच्या पोस्टरला छान. ‘खंड’ही बघा, त्याच्या जाड रेघेच्या प्रकारात शीर्षकं भरदार दिसतात. हे तिन्ही ओपन फॉन्ट परवान्याखाली आहेत. धंद्याच्या कामाला, बोधचिन्हाला, पाटीला विनाशुल्क चालतात. नुसता फॉन्ट विकायला मात्र परवानगी नाही.

एक काम आठवणीने करा. कुठलाही फॉन्ट निवडण्याआधी त्यात ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ हे दोन्ही शब्द टाइप करून बघा. पहिल्यात स्वयंपाकी, दुसऱ्यात गुरुजी. फॉन्टने दोन्हीकडे रफारच दाखवला तर तो मराठीसाठी नीट केलेला नाही. मग ‘ॲ’, ‘ऑ’, ‘ळ’ आणि मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ तपासा. ‘कोल्हापुऱ्या’ लिहिता न येणारा फॉन्ट आपल्या काय कामाचा?

कोल्हापुरात या अक्षराचा सगळ्यात चांगला उपयोग कुठे होईल?

माझं पहिलं उत्तर: जिथे वस्तूच तुकड्यांतून आणि यंत्रावर घडते तिथे. म्हणजे आपली उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. सीएनसी जॉबवर्क करणारा, पंपाचे भाग ओतणारा, ऑटोमेशन करणारा कारखाना. गेटवरचं नाव, मशिनवरची पट्टी, प्रदर्शनातला स्टॉल, खोक्यावरचा शिक्का या सगळ्यांना हे अक्षर शोभतं. आपल्याकडे अशा कारखान्यांची नावं बहुधा मराठीच असतात, देवाची नाहीतर आई-वडिलांची. तरी गेटवर ती इंग्रजीतच झळकतात, कारण तांत्रिक दिसणारं मराठी अक्षर मिळत नाही असा समज आहे. ‘ज्योतिर्लिंग इंजिनिअरिंग’ हे नाव देवनागरीत तितकंच अचूक आणि आधुनिक दिसू शकतं. त्यातल्या ‘र्लि’साठी थोडी मेहनत घ्यावी लागेल इतकंच.

दुसरा उपयोग खेळाचा, तिसरा देखाव्यांचा, चौथा उजळणाऱ्या पाट्यांचा. यांवर वेगळे प्रश्न येतात, ते खाली आहेत. त्याशिवाय ईव्हीची शोरूम, गेमिंग कॅफे, जिम, इंजिनिअरिंग कॉलेजातले तांत्रिक महोत्सव, यूट्यूब चॅनेलचं नाव, ही ठिकाणंही चालतील.

ओतीव भागावर, म्हणजे कास्टिंगवर, कंपनीचं नाव उठवायचं आहे. हे अक्षर चालेल?

चालेल, आणि मला यात सर्वांत जास्त रस आहे, कारण अक्षर आणि फाउंड्री या दोन्ही गोष्टी इथे एकत्र येतात. पण छापायचं अक्षर जसंच्या तसं पॅटर्नवर, म्हणजे ज्याच्यावरून वाळूचा साचा उठवतात त्या नमुन्यावर, चढवू नका. वाळूच्या साच्यात आतला टोकदार कोपरा टिकत नाही, वाळू सुटते आणि तिथे अक्षर फुगीर येतं. सगळे आतले कोपरे गोल करा. रेघेच्या बाजूंना थोडा उतार द्या, म्हणजे पॅटर्न साच्यातून सुटताना कडा मोडत नाहीत. पोकळ्या मोठ्या ठेवा. ‘ब’, ‘ष’ यांच्या पोकळीत तिरकी रेघ असते, ती बारीक पोकळी आधी बुजते. अक्षराची किमान रेघ किती हवी ते तुमच्या पॅटर्नवाल्यालाच विचारा. कुठली वाळू वापरतात त्यावर ते अवलंबून आहे आणि त्याचा हात त्यात बसलेला असतो.

गोल कोपऱ्यांची मॉड्युलर अक्षरं इथे साध्या फॉन्टपेक्षा सरस ठरतात. त्यांची रेघ एका जाडीची असते, त्यामुळे कुठेही अचानक बारीक होऊन तुटत नाही.

दुकानावरच्या एलईडी बोर्डवर मराठी नीट दिसत नाही. काही उपाय?

आहे. या बोर्डांत बहुतेक ठिकाणी पी-१० प्रकारचे मॉड्यूल असतात. प्रत्येकावर आडवे ३२ आणि उभे १६ ठिपके, दोन ठिपक्यांमध्ये १० मिलिमीटर अंतर. म्हणजे एक मॉड्यूल ३२० बाय १६० मिलिमीटरचं. बोर्डवाला संगणकातला साधा फॉन्ट त्या १६ ओळींत कोंबतो आणि अक्षरांचा लगदा होतो.

वर ‘कोल्हापूर’साठी जी मापं दिली ती इथे कामी येतात. वर तीन, शिरोरेघ एक, धड सहा, खाली तीन, मिळून तेरा ओळी. सोळांतल्या तीन उरतात, त्या अनुस्वाराला आणि वर-खाली मोकळ्या जागेला. एक खण म्हणजे एक ठिपका. मॉड्यूल दोन शेजारी लावले तर गावाचं नाव ऐसपैस बसतं. अक्षरं अशी ठिपक्या-ठिपक्याने काढून चित्र म्हणून बोर्डात भरा, बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करू नका. जोडाक्षरं तुटण्याचा प्रश्नच मिटतो.

निऑन फ्लेक्सची पाटी करत असाल तर आणखी एक सोय आहे. ती पट्टी ठरावीक अंतरावरच कापता येते. तुमचा खण त्या अंतराच्या पटीत ठेवला तर कारागिराला अक्षर ओढूनताणून बसवावं लागत नाही. आधी पट्टीचं माप घ्या, मग ग्रीड आखा.

फुटबॉल संघाच्या जर्सीवर कसं दिसेल?

जबरदस्त! शाहू स्टेडियमवर पेठांचे संघ उतरतात तेव्हा गॅलरीतून पाठीवरचं नाव आणि आकडा दिसला पाहिजे. एका जाडीची, चौकोनी, ठाम अक्षरं लांबून ओळखू येतात, आणि आडनावं बहुतेक दोन-तीन अक्षरांची असल्याने जागेची अडचण नसते. आडनाव खांद्यालगत एका ओळीत, आकडा त्याखाली मोठा.

आकड्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. देवनागरी ३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपं आहेत, आणि धावत्या खेळाडूच्या पाठीवर कापड चुरगळतं. ३ ला मध्ये ठळक कमरेची खाच द्या, ६ ची शेपटी लांब ठेवा. १ आणि ९ यांच्यातही असाच गोंधळ होतो, १ ची गाठ भरीव केली तर सुटतो. सामन्याच्या नियमांत कुठले आकडे चालतात ते संयोजकांना आधी विचारून घ्या, नाहीतर सगळा संच परत छापावा लागेल.

गणपतीत तांत्रिक देखावा करतोय. विषय अवकाशाचा. मंडळाचं नावही याच अक्षरात करू का?

देखाव्याचं शीर्षक जरूर करा. थर्माकोल, एमडीएफ किंवा सनबोर्डातून कापलेली, मागून उजळलेली मॉड्युलर अक्षरं अशा देखाव्यात फार खुलतात. तुकड्यांतून बनलेली असल्याने ती पेटवताना एकेक तुकडा करून पेटवता येतात, आणि तो परिणाम साध्या अक्षराने साधत नाही.

मंडळाचं नाव मात्र जसं आहे तसं राहू द्या. तालमीचं किंवा मंडळाचं नाव लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या एका वळणात बघितलेलं असतं. त्याला दर वर्षीच्या विषयाप्रमाणे वेष चढवू नये असं मला ठामपणे वाटतं.

कुठे अजिबात वापरू नये?

लग्नपत्रिका. श्रद्धांजलीचं डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा बोर्ड. औषधाची चिठ्ठी, दवाखान्यातल्या दिशादर्शक पाट्या, रस्त्यावरचे सूचनाफलक, हॉटेलातल्या दरपत्रकातल्या ओळी, बातमीचा मजकूर. दुःखाच्या प्रसंगी आणि घाईच्या प्रसंगी माणसाला ओळखीचं अक्षर हवं असतं.

तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या खानावळीलाही नको. गुऱ्हाळ, चप्पल लाइनमधलं जुनं दुकान, तालीम यांच्या चेहऱ्याशी ते जुळत नाही. कोल्हापुरी चपलेचा नवा, तरुणांसाठीचा ब्रँड काढत असाल तर गोष्ट वेगळी. चपलेच्या पट्ट्यांवर वेणी असते, ठोकून उठवलेले एकसारखे ठसे असतात. त्या ठशांतूनच मॉड्यूल घेतलं तर अक्षर चपलेतून आल्यासारखं दिसेल. हा प्रयोग कुणीतरी मन लावून करावा असं मला फार वाटतं.

पाटी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत हवी. दोन्ही सारखीच कशी दिसतील?

सारखी दिसण्याचा हट्ट नको, एका घरची दिसावीत. तुकडे तेच ठेवा, कोपऱ्याची गोलाई तीच ठेवा. उंची जुळवताना इंग्रजी कॅपिटल अक्षर देवनागरीच्या धडाएवढं ठेवून बघा, शिरोरेघेपासून पायापर्यंत. मात्रेच्या टोकापासून उकाराच्या टोकापर्यंत मोजलं तर मराठी शब्द शेजारी खुजा दिसतो.

कायद्याचंही भान हवं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानांच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत लागतं आणि ते इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. मग ते मोठं आणि देखणंच करू ना.

सोबतच्या मजकुराला कुठला फॉन्ट घ्यावा?

शांत, साधा, वाचायला सोपा. ‘मुक्ता’ बहुतेक ठिकाणी बसतो. दोन भपकेबाज फॉन्ट एका डिजिटलवर आणू नका.

किती लांबून वाचता येईल? अक्षर किती मोठं ठेवू?

पाट्यांच्या धंद्यातला जुना ठोकताळा असा की दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच उंचीचं अक्षर. देवनागरीत ही उंची फक्त धडाची धरा. मॉड्युलर अक्षर ओळखायला डोळ्याला जास्त वेळ लागतो, म्हणून मी नेहमी दुप्पट ठेवायला सांगते. दाभोळकर कॉर्नरसारख्या वाहत्या चौकात गाडीवरचा माणूस नजर टाकतो ती क्षणभरच.

फोटोशॉपमध्ये वेलांटी उलट्या बाजूला जाते, जोडाक्षर तुटतं. फॉन्ट खराब आहे का?

बहुतेक वेळा फॉन्ट ठीक असतो, सॉफ्टवेअरची सेटिंग चुकलेली असते. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा. इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या प्रेफरन्समध्ये भारतीय लिपींचे पर्याय सुरू करा, फोटोशॉपमध्येही टाइप प्रेफरन्समध्ये तशीच निवड आहे. दुसरं कारण म्हणजे जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (युनिकोड ही सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) टाइप केलेला मजकूर. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावा लागतो, विशेषतः ‘ऱ्य’ आणि रफार.

फक्त नावापुरती अक्षरं हवीत. त्यासाठी पूर्ण फॉन्ट करून घ्यायचा का?

नाही. पाच अक्षरांच्या नावासाठी पाचच अक्षरं काढून घ्या. ती एकमेकांशी जुळवून काढता येतात, कुठे दोन अक्षरांची दांडी एक करता येते, कुठे मात्रा पुढच्या अक्षरावर झुकवता येते. फॉन्टला प्रत्येक अक्षर प्रत्येकाशेजारी बसावं लागतं, त्यामुळे त्याला ही मोकळीक नसते. ज्या संस्थेला वर्षभर नवनवीन शीर्षकं लागतात तिनेच फॉन्टचा विचार करावा.

मी विद्यार्थी आहे. सुरुवात कशी करू?

चौकटींची वही आणि पेन्सिल, एवढ्यावर पहिला महिना काढा. ‘व’पासून सुरू करा. तो जमला की ब, क, प, ष, र, ख त्याच घरातले आहेत. मग ‘ग, म, भ, न’ दांडीवाले. ह, झ, ळ, क्ष, ज्ञ शेवटी. फॉन्टस्ट्रक्ट नावाचं संकेतस्थळ २००८ पासून आहे, तिथे विटा रचाव्यात तसे तुकडे रचून ब्राउझरमध्येच अक्षरं करता येतात. आकारांचा सराव करायला ते उत्तम. पण जोडाक्षरं आणि मात्रा आपोआप जागेवर बसणारा खरा देवनागरी फॉन्ट करायला फॉन्टफोर्ज, ग्लिफ्स यांसारखं साधन लागतं. फॉन्टफोर्ज मोफत आहे.

आणि गावातल्या भिंती बघत हिंडा. या गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि स्वतःच्या चित्रपटांची पोस्टर स्वतः रंगवली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, रिक्षांच्या पाठी, दुधाच्या गाड्या यांवर अजूनही हाताने काढलेली अक्षरं सापडतात. पेंटरने ‘ळ’ कमी जागेत कसा बसवला, रफार कुठे सरकवला, ते वहीत उतरवून घ्या. देवनागरीच्या अडचणी त्यांनी आपल्याआधी सोडवून ठेवल्या आहेत.

या अक्षरांमुळे पेंटरांचं काम जाणार का?

उलट त्यांना देता येईल असं हे काम आहे. सरळ कडांची अक्षरं मास्किंग टेप लावून भिंतीवर फार सुबक निघतात, आणि मुरलेला पेंटर असेल तर तिरक्या भिंतीवर, शटरच्या पन्हळींवर प्रमाण सांभाळतो. ते प्लॉटरला जमत नाही. स्टेन्सिल करून देत असाल तर बंद पोकळ्या विसरू नका. ‘प’, ‘व’, ‘म’ यांचा आतला तुकडा गळून पडतो, त्याला धरून ठेवणारा पूल लागतो. पूल सगळ्या अक्षरांत एकाच उंचीवर ठेवा, म्हणजे तो त्या वळणाचाच भाग वाटतो.

बोर्डवाल्याला फाइल कशी द्यायची?

अक्षरांच्या आउटलाइन करून, एकमेकांवर आलेले तुकडे एकत्र जोडून. हे जोडणं राहिलं तर रेडियम कापणारं प्लॉटर प्रत्येक तुकड्याभोवती वेगळी रेघ कापतं आणि अख्खा शब्द चिंधड्या होऊन निघतो. पीडीएफ आणि एसव्हीजी दोन्ही द्या, कोरलच्या जुन्या आवृत्तीत निदान एक तरी उघडेल. राउटरवर कापणार असतील तर बिटचा, म्हणजे त्याच्या फिरत्या पात्याचा, व्यास विचारा. तीन मिलिमीटरचं बिट आतल्या कोपऱ्यात दीड मिलिमीटरची गोलाई सोडणारच, ती गोलाई चित्रात आधीच देऊन ठेवा. लेझरला हा प्रश्न नाही. शिवाय कागदावर खऱ्या मापाचं एक अक्षर, शक्यतो ‘ह’, छापून फाइलसोबत पाठवा. कापलेलं अक्षर त्यावर ठेवून बघितलं की चूक लगेच सापडते.